फोटूघराचा दसरा

जैनोद्दीन मास्तरांची आई दोरीवर वाळत होती. एका बाजूला चित्रकला मंडळाची पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, दुसऱ्या बाजूला टेबलावरचं हिरवं कापड, आणि मधे लाकडी चिमट्यांत धरलेला तो जाड विलायती कागद. काल संध्याकाळपर्यंत त्या कागदावर सकिनाबी चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. मास्तर सायकलवरून उतरायचेच विसरले. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर, तसेच फाटकात उभे राहिले. वाऱ्यानं कागद हलला, वळला, परत समोर आला. निळं लुगडं जागच्या जागी होतं. हात होते, जरा फिकटलेले. चुलीचे दोन दगड होते. डोक्यावरून आलेला पदर होता, त्याचं टोक नेहमीसारखं तोंडापाशी वर गेलेलं होतं, पण ते धरायला तोंडच नव्हतं. जिथं चेहरा असायचा तिथं नुसता कागद होता. स्वच्छ धुतलेला.

"आलाव व्हय, मास्तर?" विहिरीवरून मंडळाची झाडलोट करणाऱ्या हरणाबाईचा आवाज आला. तिच्या हातात रिठ्याच्या फेसाचं घमेलं होतं आणि कपाळावर घाम. "बगा की, कसं लख्ख केलंय समदं. त्या शेटजीच्या तसबिरीवर तर बोटबोट मळ हुता. त्येची काच पुसली तवा कळलं, त्येला मिशा हायत." मग तिनं मास्तरांचं तोंड पाहिलं, मास्तर कुठं बघतात ते पाहिलं, आणि घमेलं खाली ठेवलं.

आता यात हरणाबाईचा दोष काढायचा तर आपल्या सगळ्या मुलखाचाच काढावा लागेल. घट बसायच्या आधी घरात धुण्यासारखं जे जे असेल ते बाहेर काढायचं आणि धुवायचं; वाकळा, धडपी, पाटावरची बसकुरं, उतरंडीतली मडकी, न वापरलेली भांडीसुद्धा. याला आपल्याकडं दसरा काढणं म्हणतात. ज्या घराचा दसरा निघाला नाही त्या घरात देवी पाऊल ठेवत नाही म्हणतात. आणि महारुद्र वकिलांनी, म्हणजे मंडळाच्या चिटणिसांनी, परवाच तिला सांगितलेलं होतं, "हरणाबाई, प्रदर्शन आहे, पाहुणे येणार, इथलं सगळं धुऊन-पुसून घ्या. काही ठेवू नका." तिनं काही ठेवलं नव्हतं. बाकीची चित्रं तेलरंगातली किंवा काचेआडची, ती पाण्यानं उलट उजळली. पाणरंगातलं, काच न घातलेलं चित्र एकच होतं. मास्तरांनी ते काल मावळतीला घरून आणून टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"म्या मुद्दाम न्हाय केलं," हरणाबाई हळू म्हणाली. "बाईच्या तोंडावर लई धूर बसला हुता, मास्तर. राख बसल्यावानी. म्हणलं, सणाला एवढ्या सगळ्याजणी लख्ख, अन् हिनंच काय घोडं मारलंय? ओल्या फडक्यानं हळूच पुसलं. पयल्यांदा तोंड चांगलं दिसाया लागलं की. डोळं दिसलं, नाक दिसलं. म्हणलं, बरी हाय की बाई. आणिक एकदा पुसलं, तर बाईच निघून गेली."

मास्तरांनी सायकल भिंतीला लावली. त्यांना राग यायला हवा होता. रागाची वाट बघत ते क्षणभर उभेही राहिले, पण आत जे हललं ते रागासारखं नव्हतं. कोणीतरी आपल्या घरात शिरून, आपण फरशीखाली काय पुरलंय ते विचारल्यासारखं त्यांना वाटलं. धूर तिनं पुसला. नेमका धूरच.

धूर का काढला होता, हे मास्तरांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सकिनाबी गेल्या तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. हमिदाबीचा जन्म झाला आणि आई गेली. घरात तसबीर नव्हती. अब्बांना तसबीर काढणं मान्य नव्हतं, आणि मान्य असतं तरी निजामीतल्या त्या बेंबळी गावात फोटो काढणार कोण. तर आईचा असा एकही कागद जगात नव्हता. हमिदा बोलायला लागली तेव्हापासून विचारायची, "भाई, अम्मा कशी होती?" आणि ते म्हणायचे, "चांगली होती." हे उत्तर तिला पुरायचं नाही. "चांगली म्हणजे कशी? नाक कसं? गोरी होती?" दर ईदला, शिरखुर्मा खाऊन झाला की, हा प्रश्न यायचाच. लग्न होऊन नळदुर्गला गेली तरी यायचा. शेवटी मास्तर बोलून गेले, मी काढून देतो तुला. चित्रकलेचा मास्तर, त्याला काय अवघड. पोरांना सुरई शिकवतो, घोडा शिकवतो, आई काढता येणार नाही?

लुगडं आलं. लुगड्याचा तो निळा त्यांना जन्मात विसरता आला नसता. मांडीवर डोकं ठेवलं की डोळ्यांपुढं तोच असायचा. हात आले, अंगठ्याजवळची जुनी भाजल्याची खूण आली. दोन्ही हात पिठात असायचे म्हणून विस्तवात पडू नये असा पदर ती दातात धरायची, आणि तसंच दातातल्या दातात "जैनू, लाकूड सार" म्हणायची, तेही आलं. हे सगळं त्यांनी पेन्सिलीच्या पक्क्या रेषेत काढलं. मग पेन्सिल पदराच्या आत गेली आणि थांबली. तिथं काही नव्हतं. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं, चुलीच्या बाजूनं, दाराच्या बाजूनं, आजारपणातल्या बिछान्याच्या बाजूनं. सगळीकडून आई आली आणि कुठूनही चेहरा आला नाही. महिनेच्या महिने असे गेले. अखेर त्यांनी पेन्सिल ठेवून दिली आणि नुसत्या रंगानं, रेषेवाचून, हात जाईल तसा एक चेहरा काढला. चांगला जमला. फार चांगला जमला, हेच त्यांना खुपलं. आपल्याला माहीत नाही ते इतकं चांगलं जमतं कसं? मग त्यांनी चुलीतून धूर उठवला, आणि तो पातळ राखाडी पडदा चेहऱ्यावर चढवला. बघणारा म्हणेल, काय हुबेहूब धूर काढलाय. मास्तरांच्या लेखी ते झाकण होतं.

आणि तो चेहरा बघायला हमिदा आज दहाच्या एस.टी.नं येत होती. मागच्या खेपेला तिनं सांगितलं होतं, "पोरीचे डोळे कोणावर गेलेत म्हणून सासरी रोज वाद. त्यांच्या सगळ्या आज्या-पणज्या जिवंत, बोट दाखवून म्हणतात, आमच्यावर गेलेत. माझ्याकडं दाखवायला काहीच न्हाय, भाई. जल्दी काढा." हे शब्द मास्तरांच्या मनात गेले पंधरा दिवस अडकून होते. आज ती बघेल आणि म्हणेल, ही माझी अम्मा. जन्मभर म्हणेल. पोरीला सांगेल, पोरीच्या पोरीला सांगेल. आणि तो चेहरा असेल जैनोद्दीननं गावातल्या ड्रॉइंग मास्तरकीच्या जोरावर ठोकून दिलेला. या विचारानं काल त्यांना जेवण गेलं नव्हतं. लालबीनं, त्यांच्या बायकोनं, विचारलं तर म्हणाले, प्रदर्शनाची काळजी.

तेवढ्यात महारुद्र वकील आले. काळा कोट हातावर, धोतराचा सोगा खिशात, आणि चेहऱ्यावर आज उद्घाटन असणाऱ्या माणसाची घाई. दोरी पाहिली, कागद पाहिला, आणि त्यांचा पारा चढला. "हरणाबाई, अहो हे काय करून ठेवलंत? चित्र धुतात का कोणी? उद्यापासून—"

"महारुद्रजी," मास्तर म्हणाले, "त्यांना काही बोलू नका."

"अहो पण मास्तर, तुमचं वर्षाचं काम."

"तुम्हीच सांगितलं होतं, सगळं धुवा म्हणून."

वकील गप्प झाले. वकिलाला गप्प करणं सोपं नसतं, पण स्वतःचेच शब्द समोर आले की भले भले गप्प होतात. हरणाबाई पदरानं डोळे पुसत विहिरीकडं गेली. मास्तर वकिलांकडं बघत राहिले आणि त्यांना ती हिवाळ्यातली सकाळ आठवली. आज या माणसाला टोकलं, याचंही त्यांना वाईट वाटलं. पोलीस ॲक्शन झाली त्या साली मास्तर कितीतरी दिवस घराबाहेर पडले नव्हते. त्या दिवसांबद्दल ते कोणाशी बोलत नसत, तेव्हा आपणही बोलू नये. पुढं शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली. गणिताचे, इतिहासाचे मास्तर नव्यानं बाराखडी गिरवायला लागले, आणि जैनोद्दीन दार लावून बसले की आता आपलं काय. हिवाळ्यातल्या एका सकाळी कडी वाजली. दारात महारुद्र, तेव्हा नुकती सनद घेतलेले, काखेत गुंडाळी. म्हणाले, "मास्तर, चित्राची रेषा उर्दूत असते का मराठीत? मला कोणी सांगेना, म्हणून तुमच्याकडं आलो." गुंडाळीत त्यांनी स्वतः काढलेला बैल होता. बैलाला पाय पाच होते. एक शेपटी होती असं पुढं निष्पन्न झालं. त्या दिवशी मास्तर कितीतरी काळानंतर हसले. बैलाचा पाय दुरुस्त करता करता चहा आला, चहाबरोबर मंडळाची गोष्ट निघाली, आणि करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, उठून गेल्यावर रिकाम्या पडलेल्या या नाक्याच्या इमारतीचं नाव बालाघाट चित्रकला मंडळ झालं. जिथं निजामाचे शिपाई गाड्या थांबवून गाठोडी उपसायचे, तिथं आता लोक आपण होऊन थांबायचे आणि भिंतींकडं बघायचे. सरकारी कागदावर गाव उस्मानाबाद, बाजाराच्या तोंडी धाराशिव. तसंच याचं मंडळ हे नाव पाटीवर, आणि लोकांच्या तोंडी फोटूघर. मास्तरांना फोटूघरच आवडायचं. दार उघडून कोणीतरी आपल्याला बाहेर काढलं, आणि बाहेर आल्यावर उभं राहायला जागाही दिली, हे उपकार त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. बोलून दाखवले असते तर वकील म्हणाले असते, छे, माझा बैल सुधारायचा होता.

"अजून तास-दीड तास आहे," वकील म्हणाले. "रंग आहेत, ब्रश आहेत, तुमचा हात तयार. चेहरा तेवढा काढून टाका. बाकी सगळं शाबूत आहे. बहिणीला काय कळणार?"

बहिणीला काय कळणार. मास्तरांनी कागद दोरीवरून उतरवला, आत नेला, खिडकीपाशी टेबलावर पसरला. बोटाला कागद अजून गार लागत होता. निळा रंग कागदात मुरतो, एकदा बसला की हटत नाही. गेरू आणि पिवळी माती मात्र वरवर बसतात, पाणी आणि फडकं लागलं की उठल्याच. आणि माणसाच्या अंगाचा रंग सगळा मातीचाच. ते त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. त्यांनी वाटीत गेरू कालवला. थेंबभर पिवळा घातला. ब्रश भिजवला आणि त्या कोऱ्या जागेवर धरला. पाच बोटांत पाच-पंचवीस चेहरे तयार होते. कुठलाही काढा, कुठलाही शोभला असता. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर हरणाबाई सतरंजी झटकत होती, त्या आवाजाच्या तालावर त्यांच्या कानात बारीकसं "जैनू, लाकूड सार" आलं. इतकं जवळून की त्यांनी मान वळवली. आवाज होता. हात होते. लाकूड सारताना लागणारी चुलीची झळ होती. एवढं सगळं असलेल्या बाईला आपण दोन वेळा खोटा चेहरा चढवायचा? एकदा हरणाबाईनं पुसला. पुसून दिला, असंच म्हणावं लागेल. आता परत चढवला तर पुसायला कोण येणार आहे? ब्रशाच्या टोकाला आलेला थेंब कागदावर पडायच्या आत त्यांनी ब्रश बाजूला केला. थेंब टेबलावर पडला. मास्तरांनी तो बोटानं पुसला आणि ब्रश पाण्यात टाकून दिला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागल्याचं कळलं.

मग एस.टी. थांबल्याचा आवाज झाला. नाका रस्त्यावरच, ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं हमिदाबीला फाटकातच उतरवलं. एका हातात बोचकं, एका हातात डबा, चालीत लगबग. माहेरी येताना बायका दमत नाहीत. "भाई," ती दारातूनच म्हणाली, "कुठंय?" भावाबहिणीचं बोलणं घरच्या दखनीत चालायचं, आपण ते मराठीतच ऐकू. मास्तर उठून उभे राहिले. सांगायची वाक्यं त्यांनी मनात जुळवली होती, ती सगळी त्या एका प्रश्नापुढं विस्कटली. त्यांनी टेबलाकडं नुसतं बोट केलं.

हमिदाबीनं बोचकं ठेवलं, डबा ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि वाकून बघितलं. वकील खाकरले आणि घडलं ते सांगायला लागले, घट, दसरा, रिठा, फडकं. सांगताना स्वतःचा शब्दही त्यांनी लपवला नाही. हरणाबाई दारात चौकटीला धरून उभी होती, शिक्षा ऐकायला आल्यासारखी. हमिदाबीचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. तिनं कागद दोन्ही हातांनी अलगद उचलला, उजेडात बघायला दारापाशी आणला. दारात वारा होता. डोक्यावरचा पदर घसरायला लागला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिनं मान जराशी वळवली आणि पदराचं टोक दातात पकडलं.

कागदावरचा निळा पदर जसा वर गेला होता, तसाच हा गेला होता. तीच वळलेली मान, तोच डावा खांदा जरा वर. हे तिला कोणी शिकवलं? जिनं शिकवलं असतं ती हिच्या जन्माबरोबर गेली. हिनं तर तिला पाहिलंसुद्धा नाही.

"आवं मास्तर," हरणाबाई पुढं आली, "ह्याच की त्या."

"कोण त्या?"

"फोटूतल्या. म्या धूर पुसला तवा तोंड दिसलं न्हवं का? ह्येच नाक, ह्येच डोळं. मला वाटलं, कोण म्हातारी आई-बिई आसंल. ह्या तर जित्त्या हायत." आणि चुकीतून सुटल्यासारखा श्वास सोडून ती म्हणाली, "मंग काय बिगडलं न्हाय म्हणायचं."

हमिदाबीनं दातातला पदर सोडला. "म्हणजे अम्मा माझ्यासारखी होती, भाई?"

एवढं एकच 'हो' तिला हवं होतं. वकीलही मास्तरांकडं बघत होते आणि त्यांची मान आधीच होकारार्थी हलत होती. ती लहान असताना तिला सांभाळणारी खाला, म्हणजे मावशी, थकली की मास्तरच तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचे. त्या अंधारातल्या चेहऱ्यावर त्यांचे डोळे वर्षानुवर्षं खिळलेले. आईचा चेहरा शोधायला हात गेला आणि जवळ होता तो घेऊन आला, एवढीच तर गोष्ट होती. ती आत्ता, हरणाबाईच्या तोंडून, त्यांना कळत होती.

"मला माहीत नाही, हमिदा," मास्तर म्हणाले. "चेहरा मला आठवतच नाही. चित्रात तुझा उतरला, मला कळलंही नाही. हात आठवतात. लुगडं आठवतं. आणि आत्ता तू पदर धरलास ना दातात, तशीच ती धरायची. एवढं पक्कं आहे. याच्या पलीकडं काही सांगितलं तर ते बनवलेलं असेल."

मास्तरांना वाटलं, आता ही रडेल. आणि ती रडलीच, पण आधी हसली.

"तुमच्याकडंबी न्हाय?" ती म्हणाली. "या अल्ला. मला जन्मभर वाटत आलं, भाईकडं आहे आणि माझ्याकडं न्हाय. ईदला तुम्ही गप्प बसायचात तेव्हा वाटायचं, एकटेच तिला बघत बसलेत, मला दाखवत न्हाईत. किती जळलेय मी तुमच्यावर. खालाला विचारा."

"खालाही गेली, ती कुठून सांगणार आता."

"तेच म्हणते." तिनं मनगटानं डोळे पुसले, कागदाला पाणी लागू नये म्हणून लांब धरून. "मग आपण दोघं सारखेच की, भाई."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. आवारात दोरीवर सतरंजी वाळत होती, कापड वाळत होतं, मधे दोन चिमटे रिकामे होते. आयुष्यात कोणाकोणाला शुक्रिया म्हणायचं राहून गेलं, याचा हिशेब त्यांच्या मनात सुरू झाला आणि लागेना. पाच पायांचा बैल घेऊन आलेला हा माणूस, जिला धुरकट बाई सणाला बरी दिसेना ती हरणाबाई, आणि ही, जिच्यावर आईनं जाता जाता आपली लकब टाकली. ते नुसते म्हणाले, "हरणाबाई, फार उपकार झाले तुमचे."

"चेष्टा करताव व्हय गरिबाची," हरणाबाई म्हणाली. पण मास्तरांचा चेहरा बघून पाणी आणायला गेली.

"आता हे लावायचं का?" वकिलांनी हळूच विचारलं. "पाहुणे विचारतील, तोंड का नाही म्हणून."

"विचारू द्या," हमिदाबी म्हणाली. "मी बसते इथं. मी सांगते." कोणाची वाट न बघता ती मधल्या भिंतीपाशी गेली. नाक्याच्या वेळी जिथं जकातीची पाटी असायची ती ही जागा, खिडकीचा उजेड थेट येणारी. दोन्ही हातांनी तिनं कागद भिंतीला लावून धरला. पदर पुन्हा घसरला, तिनं तो पुन्हा दातात धरला, आणि तशीच, दातातल्या दातात म्हणाली, "भाई, सरळ आहे का बघा."

चित्र सरळ आहे का ते बघायला मागं सरायचं असतं. मास्तर चार पावलं मागं सरले. टेबल लागलं तरी सरले, दारापर्यंत गेले. तिथून दोघी एकाच वेळी दिसत होत्या, भिंतीवर ती आणि भिंतीपुढं ही. हातोडी आणि खिळा घेऊन वकील बाजूला थांबले होते.

"अजून जरा धर," मास्तर म्हणाले. "सरळच आहे. पण अजून जरा धर."